आलोच आहोत तर

कुकरची शिटी होईना, वाफ नुसती कडेनं फसफसत राहिली, तेव्हा रिंग गेल्याचं कळलं. दुपारचे साडेतीन. बायकोनं मोबाइलवर कंपनी बघितली, लिटर बघितले आणि म्हणाली, "उद्या येते घरपोच." मी म्हणालो, "उद्यापर्यंत कशाला थांबायचं? गावात जाऊन घेऊन येतो की." तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. नाशिकच्या सिडकोत आमच्या घरापासून चार दुकानं सोडली की भांड्यांचं दुकान आहे, तिथे भिंतीवर खिळ्याला सगळ्या मापांच्या रिंगा टांगलेल्या असतात. हे तिला माहीत, मला माहीत, दुकानदाराला तर माहीतच. "जिलेबी आणणार असाल तर पाव किलोच आणा," एवढंच ती म्हणाली, "उरली की मऊ पडते आणि मग मलाच संपवावी लागते."

याला माझा इलाज नाही. आमच्या घरात नुसतं खायला म्हणून गावात, म्हणजे जुन्या नाशकात, कधी कुणी गेलेलं नाही. काम लागतं. शालिमारला उतरायचं, मेनरोडनं चालत निघायचं, काम उरकायचं, आणि मग कुणीतरी घड्याळात बघत म्हणायचं, "आता आलोच आहोत तर..." हे वाक्य आमच्याकडे कुणी पुरं केल्याचं आठवत नाही. तोवर पाय वळलेले असायचे.

आमचे वडील, अण्णा, या शास्त्रातले अधिकारी माणूस. बँकेत कारकून, त्यामुळे कारणाशिवाय काही खर्ची टाकायचं नाही ही शिस्त अंगात मुरलेली. त्यांचं लहानपण तिवंध्याजवळच्या वाड्यात गेलं. सिडकोत दोन खोल्यांचं स्वतःचं घर झालं तेव्हा हौसेनं राहायला आले, पण रविवार उजाडला की त्यांना गावातली कामं आठवायला लागत. घड्याळाचा पट्टा. छत्रीची मोडलेली काडी. आजीची जपमाळ ओवून घ्यायची. कामांची यादी बसच्या तिकिटामागे बारीक अक्षरात लिहिलेली असे, आणि त्या यादीत खाण्याचा एकही शब्द नसे. ऑडिट झालं असतं तरी काही निष्पन्न झालं नसतं.

सगळ्यात भरभक्कम काम कल्हईचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई पितळी पातेली गोणपाटाच्या पिशवीत भरायची आणि आम्ही तिघं निघायचो. जुन्या तांबट गल्लीच्या आसपास आलं की तांब्यावर पडणारे ठोके ऐकू यायला लागत. कल्हईवाल्याचा भाता, कोळसे, शेजारी पाण्याची घमेली. तो पातेलं चिमट्यात धरून तापवायचा, चिमूटभर नवसागर टाकायचा, भस्सकन पांढरा धूर उठायचा आणि नाकात झिणझिण्या यायच्या. मग कथलाची कांडी टेकवायची. थेंब वितळून सैरावैरा पळायचा आणि हा कापसाच्या बोळ्यानं त्याला पातेलंभर फिरवायचा. आतलं काळपट अंग एका दमात पांढरं होई. पातेलं पाण्यात बुडालं की चर्र. आई ते उन्हात धरून आतून बोट फिरवायची, "इथे राहिलंय." तो म्हणायचा, "ताई, ते पितळच तसं आहे." हा संवाद दर वर्षी व्हायचा आणि दर वर्षी तो त्याच जागी पुन्हा बोळा फिरवून द्यायचा.

पण सगळी पातेली एकदम थोडीच होतात? "तासाभरानं या," असं तो म्हणाला की अण्णांचा चेहरा अतिशय गंभीर व्हायचा. आता हा तास घालवायचा कुठे, असा प्रश्न त्यांना खरोखरच पडला आहे असं वाटावं. तो तास बहुतेकदा सायंताराच्या साबुदाणा वड्यापाशी जाऊन संपायचा. आई म्हणायची, "अहो, पण आज उपास नाहीये." अण्णा म्हणायचे, "मग बरंच आहे, मोडायची भीती नाही." वडा हातात आला की तो लगेच फोडायचा नाही हे मला कधीच जमलं नाही. वरचं कवच कुरकुरीत, आणि आतून जी वाफ येते ती थेट टाळूला. डोळ्यांत पाणी, तोंड उघडं, हा-हू करत चटणी लावायची आणि पुढचा घास. अण्णा मात्र वडा मधोमध मोडून बशीत ठेवत, चष्मा काढून पुसत, तोवर तो निवे. मग शांतपणे खात. त्यांच्याएवढं वय झालं तरी मला अजून थांबता येत नाही.

मागे भाची पुण्याहून आली होती. तिच्या मोबाइलमध्ये यादीच होती: मिसळ, उलटा वडापाव, जिलेबी, कांद्याचा चिवडा, आणि प्रत्येकासमोर दुकान आणि वेळ. "मामा, आपण सकाळी निघू आणि एकेक करत जाऊ." मी विचारलं, "बरं, आणि काम काय आहे?" ती म्हणाली, "हेच." मी गेलो, खाल्लंही. उलटा वडापाव तर तिच्यापेक्षा जास्त मीच खाल्ला. पावाच्या पोटात बटाट्याची भाजी भरून अख्खा पावच पिठात बुडवून तळायचा, हे ज्याच्या डोक्यात पहिल्यांदा आलं त्याला माझा नमस्कार. पण दिवसभर मला उगाच चोरट्यासारखं वाटत होतं. शेवटी दहीपुलाजवळ मी तिला दोन मिनिटं थांबवलं आणि देवघरासाठी वातींचं पाकीट घेतलं. मग जरा बरं वाटलं.

तेच मिसळीचं. शहराबाहेर, मळ्यांच्या बाजूला आता मोठाल्या जागा झाल्यात. झोपाळे, चुली, द्राक्षांचे मांडव, पोरांना खेळायला घसरगुंड्या, ताटात मिसळीबरोबर पापड, दही, वर जिलेबीचं वेटोळं. रस्सा चांगला असतो, खोटं कशाला बोलू. तरी माझं मन काही तिथे रमत नाही. मिसळ कशी, टेबलावर समोर अनोळखी माणूस हवा. तो त्याची खात असतो, आपण आपली. मागे रिकाम्या जागेची वाट बघत उभा असलेला तिसरा, म्हणजे हात आपोआप भरभर चालतो. काळ्या मसाल्याचा रस्सा, तर्री वेगळी, कांदा, लिंबू, आणि वाढपी "रस्सा?" एवढंच विचारून उत्तराआधी ओततो. मागे जागेसाठी कुणी उभं नसलं तर मिसळ थंड होईपर्यंत खाल्ली जाते आणि मग ती मटकीची उसळ होते. असो.

रिंग मी आधी घेतली. मेनरोडला लागून आत गेलं की एक म्हातारे दुकानदार आहेत. जुनी रिंग हातात घेऊन, ओढून, नाकाशी नेऊन त्यांनी विचारलं, "डाळीत तेल घालून शिजवता का?" घालतो म्हटल्यावर मान हलवली. काही बोलले नाहीत. मला उगाच आईनं बोलल्यासारखं झालं. तिथून बुधा हलवायाची जिलेबी घ्यायची म्हणून गेलो आणि तईसमोर उभा राहिलो. फडक्याच्या पुरचुंडीतून पीठ तुपात पडतं, मनगट गोल फिरतं, तीन वेढे आणि वरून एक आडवी रेघ, ती रेघ नसली तर जिलेबी उचलताना उलगडते. फुगली, उलटली, सळईवर ओवून पाकात. माणूस एकदाही तईकडे नीट बघत नव्हता. शेजाऱ्याशी बोलत होता, कुणाच्या तरी लग्नाबद्दल. पाव किलो घेतली. शंभर ग्रॅम वेगळी घेऊन तिथेच खाल्ली, ती मोजायची नसते.

गावातली मौज नुसती खाण्याची नाही. सार्वजनिक वाचनालय, आमची सावाना, 1840 सालची. "पुस्तक बदलून येतो" हे कारण तर असं चोख, की त्याच्यावर आईनंही कधी आक्षेप घेतला नाही. मे महिन्यात संध्याकाळी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असे. व्याख्यान देशाच्या अर्थव्यवस्थेवर, आणि आम्ही पोरं गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पायऱ्यांवर भेळीचा कागद चाटत. पण या सगळ्यात शिरोमणी म्हणजे रंगपंचमी.

बाहेरची माणसं धुळवडीला रंग खेळतात. आमच्याकडे धुळवडीला वीर नाचतात, रंग फाल्गुन वद्य पंचमीला, आणि तोही रहाडीत, म्हणजे जमिनीतल्या हौदात. शनी चौकात, तिवंध्याला, दिल्ली दरवाज्याला, जुन्या तांबट गल्लीत या दगडी रहाडी आहेत, पेशवाईतल्या म्हणतात. वर्षभर त्या रस्त्याखाली बंद. वरून रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या उभ्या राहतात, नव्या माणसाला पत्ताही लागत नाही की आपण हौदावर उभे आहोत. पंचमीच्या आधी माती काढतात, लाकडं उचलतात, रहाड धुतात, पूजा करतात आणि रंग तयार होतो. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, मानकरी ठरलेले. मग धप्पा! काठावरून उडी टाकायची ती अशी, की आपण बुडालो तर बुडालो, पण काठावरचे कोरडे राहता कामा नयेत.

अण्णा म्हणायचे, "मी नुसता बघायला येतोय. वाड्यातली माणसं भेटतील." बंडी जुनी, विजारीचं एक बटण तुटलेलं, हे ठीक, माणूस रविवारीही तसाच असतो. पण एरवी अंघोळ सोडता कधी न निघणारं मनगटी घड्याळ त्या दिवशी देवघरातल्या फळीवर काढून ठेवलेलं असायचं. आई ते बघायची, मी बघायचो. कुणी काही बोलायचं नाही. तिवंध्याला पोचल्यावर अण्णा पाऊण तास खरंच नुसते बघत. मग कुणीतरी जुना वाडेकरी मागून येऊन "काय रे बँकवाल्या" म्हणून ढकली, आणि अण्णा आत. वर येताना त्यांचा चेहरा मला ओळखू यायचा नाही. रंगामुळे नव्हे. ते हसत असायचे, सगळे दात दाखवून. बँकेतल्या माणसाचं हसणं एरवी बेताचं असतं.

पुढचे आठ दिवस कानामागचा रंग निघत नसे आणि ते काउंटरवर तसेच बसत.

एका बाबतीत मात्र अण्णा कधी आले नाहीत: पूर बघायला. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अर्धं नाशिक पुलावर. मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती हे आमचं मोजमाप. भाजलेल्या कणसाच्या गाड्या लगेच लागतात, पोरं खांद्यावर, लिंबू-तिखट लावलेलं कणीस हातात, आणि खाली तपकिरी पाणी दुकानांची शटरं शोधत असतं. मीही गेलोय, कणीस खाल्लंय. 2008 च्या सप्टेंबरात मी निघालो तेव्हा अण्णा म्हणाले, "आत्ता जाऊन काय करणार? पाणी उतरल्यावर जाऊ. तेव्हा हात लागतात." 1969 च्या पुरात त्यांच्या मामांचं भांडी बाजारातलं दुकान पाण्यात गेलं होतं. चिखलातून एकेक तांब्या उपसून धुताना नखांत जे गेलं ते कितीतरी दिवस निघालं नाही, एवढंच एकदा बोलले होते. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो. ओळखीच्या एका दुकानात दिवसभर खराट्यानं गाळ काढला. संध्याकाळी दुकानदारानं चहा विचारला तर अण्णा नको म्हणाले. त्या दिवशी काम होतं आणि नुसतं कामच होतं.

निवृत्तीनंतर कामं आटत गेली. पितळी पातेली माळ्यावर गेली, घड्याळ सेलवर आलं, आजी गेली. उरलं एकच, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. बँकेत जायचं, साहेबासमोर उभं राहायचं, आपण जिवंत आहोत असं लिहून द्यायचं आणि सही करायची. अण्णांना साखर निघाली होती, डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं. पण जिवंत असल्याचं सरकारदरबारी नुकतंच सिद्ध झालेल्या माणसाला दोन जिलेब्या नाही म्हणायची माझी हिंमत होत नसे. मग ते ऑनलाइन झालं. यंत्र घेऊन मुलगा घरी आला, अण्णांनी अंगठा टेकवला, पाच मिनिटांत काम संपलं. मुलगा म्हणाला, "आजोबा, आता कुठे जायला नको."

अण्णा बराच वेळ अंगठा बघत बसले. दोन दिवसांनी म्हणाले, "या यंत्राबिंत्राचं काही खरं नाही. नोंद झाली का ते बँकेत एकदा विचारून आलं पाहिजे." त्यांना रिक्षात बसवून घेऊन गेलो. बँक बंद होती. दुसरा शनिवार. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाच्या ते लक्षात नसेल, असं काही मला वाटत नाही.