तुम्ही विचारलंत म्हणून: समोरचा माणूस अवघडला, तर काय करता?

मी पोर्ट्रेट काढते असं कळलं की पहिला प्रश्न येतो कॅमेऱ्याचा आणि दुसरा हा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: हातात असेल तो कॅमेरा चालतो, फक्त त्याची बटणं न बघता सापडली पाहिजेत. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी आजवर 'गप्पा मारायच्या' असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

सुरुवातीच्या दिवसांत एका लेखकांचा फोटो काढायचा होता, त्यांच्या पुस्तकाच्या मलपृष्ठासाठी. साठीचे गृहस्थ, जाड भिंगांचा चष्मा. आदल्या रात्रीपासून माझ्या डोक्यात चित्र पक्कं होतं: एका बाजूने उजेड, अर्धा चेहरा सावलीत. ते बसले आणि उजव्या काचेत सॉफ्टबॉक्सचा, म्हणजे उजेड मऊ करायला दिव्यावर लावतात त्या कापडी डब्याचा, पांढरा चौकोन उमटला. मी दिवा सरकवला, चौकोन डाव्या काचेत गेला. स्टँड उंच केला, तर नाकाची सावली ओठांवर उतरली. असं करत चाळीस मिनिटं गेली आणि तेवढ्यात मी त्यांच्याशी धड चार वाक्यं बोलले नाही. स्क्रीनकडे बघायचं, कपाळाला आठी घालायची, पुन्हा दिव्याकडे जायचं. शेवटी ते हळूच म्हणाले, "माझा चेहराच फोटोचा नाही हो. तुम्ही उगाच दमताय."

चूक माझ्या दिव्याची होती आणि तो भला माणूस ती स्वतःच्या चेहऱ्यावर घेऊन बसला होता. ते वाक्य मी विसरू शकत नाही.

कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसापुढे आरसा नसतो. आपण कसे दिसतोय हे त्याला कळायचं एकच ठिकाण असतं, फोटोग्राफरचं तोंड. स्क्रीन बघून तुम्ही गप्प झालात की तो समजतो, फोटो वाईट आला, म्हणजे मी वाईट दिसतो. पुढच्या फोटोत त्याचे खांदे कानाशी आलेले असतात. आता दिवा चुकला तर मी मोठ्याने सांगते, "तुम्ही आहात तसेच छान बसलाय, माझा दिवा चुकलाय, एक मिनिट." एवढ्याने खांदे खाली येताना मी कित्येकदा पाहिलंय.

पण हे बोलायला मन मोकळं लागतं आणि ते हाताला सवय असल्याशिवाय होत नाही. चष्म्यातली चमक घालवायला दिवा थोडा वर घ्यायचा, हनुवटी किंचित खाली आणायला सांगायची आणि चष्म्याच्या काड्या कानावरून जराशा उचलायच्या, म्हणजे काचा खाली झुकतात. दहा सेकंदांचं काम. दिवा दुप्पट लांब नेला की चेहऱ्यावर उजेड एक चतुर्थांश उरतो, हेही हाताला माहीत असलं पाहिजे. तिथे गणित करत बसलं की माणूस सुटला. लेन्सचंही तसंच. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ८५ मिमी लेन्स पोर्ट्रेटला चांगली, कारण फार जवळून काढलं की नाक फुगतं, असं सगळे सांगतात. नाक फुगतं ते अंतरामुळे, हे बरोबरच. मला ती आवडते त्याचं कारण दुसरं आहे. डोकं आणि खांदे फ्रेममध्ये बसवायला मी साधारण दीड मीटरवर उभी राहते आणि तेवढ्यावरून घरातल्या आवाजात बोलता येतं. २०० मिमी लावली की लांब उभं राहावं लागतं आणि जवळजवळ हाका माराव्या लागतात.

कॅनडातले पोर्ट्रेट फोटोग्राफर युसुफ कार्श यांनी १९४१ च्या डिसेंबरात ओटावाला काढलेला चर्चिलचा फोटो तुम्ही पाहिला असेल. चर्चिल सिगार ठेवेनात. कार्श यांनी आधी ॲशट्रे पुढे केला, मग जवळ जाऊन, माफी मागून, सिगार सरळ तोंडातून काढून घेतली आणि परत येऊन तो संतापलेला चेहरा टिपला. लोक हा किस्सा धाडसाचा म्हणून सांगतात. मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं: दिवे आणि कॅमेरा कार्श यांनी आदल्या संध्याकाळीच लावून ठेवले होते. म्हणून त्या क्षणी त्यांचं सगळं लक्ष समोरच्या माणसावर राहू शकलं. सिगार काढणं मला मात्र जमणार नाही आणि जमू नये असंही वाटतं. केसांची बट सरळ करायची असली तरी मी आधी विचारते. बहुतेकदा माझ्याच कपाळावर हात फिरवून दाखवते, ते स्वतः करतात.

हे दाखवणं मी एका मॉडेलकडून शिकले. व्यावसायिक मॉडेलबरोबर माझं पहिलंच काम होतं आणि मी सारखं 'नॅचरल राहा' म्हणत होते. तिने शांतपणे विचारलं, "फ्रेम कुठे कापताय?" मला कळेना हिला कशाला हवंय. तिने समजावलं: कमरेपर्यंत असेल तर वजन कुठल्याही पायावर टाकून ती हात आणि मान सांभाळेल, पूर्ण उंचीचा असेल तर पायापासून सुरुवात करावी लागेल. कपडा दाखवायचा की चेहरा, हेही तिने विचारलं. मग ती फ्लॅशच्या तालावर पोझ बदलत गेली. फ्लॅश पुन्हा चार्ज व्हायला लागणारा वेळ तिच्या अंगात मुरलेला होता. त्या दिवशी मी निम्म्या सूचना गिळल्या आणि काम सुधारलं. तेव्हापासून कोणीही बसलं की आधी स्वतःच्या अंगावर हाताने दाखवते, "इथून इथपर्यंत येणार." डावं-उजवं तोंडाने सांगत नाही. मी आरशासारखी समोर उभी राहते, माझा डावा हात उचलते, त्यांचा उजवा आपोआप उचलला जातो.

सवय नसलेल्यांना मात्र पोझ देऊ नये, काम द्यावं. बाही दुमडा, पुस्तकाचं पान उलटा, खिडकीतून काय दिसतंय ते सांगा. 'हसा' म्हटलं की ओठच हसतात. द्युशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्येच लिहून ठेवलंय की खऱ्या आनंदाच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळतो आणि तो हुकमावर सहसा हलत नाही. म्हणून मी डोळे मिटायला लावते, श्वास सोडा म्हणते आणि डोळे उघडल्यावरचा पहिला सेकंद घेते.

"माझे फोटो मला कधीच आवडत नाहीत," असं म्हणणाऱ्यांना मी आरशाची गोष्ट सांगते. १९७७ च्या एका अभ्यासात लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या जवळच्यांना सरळ. आपण स्वतःला आयुष्यभर उलटंच बघतो, फोटोत भांग दुसरीकडे जातो, चेहरा परका वाटतो. हे कळलं की पुष्कळांच्या मनावरचं ओझं उतरतं. लाजणारे नुसते गप्पांनी मोकळे होत नाहीत, पण कारण कळलं की होतात, असा माझा अनुभव.

आणि काही जण होतच नाहीत. हे मान्य करायला मला सगळ्यात जास्त वर्षं लागली. मितभाषी माणसाला खुलवण्याचा हट्ट मी धरायचे, विनोद सांगायचे, गाणी लावायचे. फोटोत तो पाहुण्यासारखा दिसायचा. आता त्याचं गप्प असणं हाच माझा विषय मानते. आवाज खाली आणते, दोन दिव्यांतला एक बंद करते, कॅमेरा स्टँडवर ठेवून बाजूला उभी राहते आणि थांबते. कार्श यांच्या त्या सत्रात चर्चिलचा दुसरा, हसरा फोटोही निघाला होता. जगाने जपला तो रागावलेलाच.

मुलं आली तर मी जमिनीवर बसते. सारखं हलणारा कोणी असेल तर उजेड मोठा आणि मऊ करून त्याला फिरायला जागा देते, मग जागेवर खिळून राहा असं म्हणावं लागत नाही. घाईतल्या माणसाला आधीच सांगते की पाच मिनिटं लागतील आणि पाचव्या मिनिटाला कॅमेरा खाली ठेवते. ठरवून आणलेलं चित्र सोडून देताना अजूनही मन जड होतं, पण सोडते.

त्या लेखकांचं पुस्तक माझ्याकडे आहे. दुसऱ्या आवृत्तीवरही तोच फोटो छापलाय, डाव्या काचेत पांढरा चौकोन स्पष्ट दिसतो. मधे मी त्यांना फोन केला होता, पुन्हा या म्हणून. दिवे लावणारच नव्हते, खिडकीशी बसवणार होते. ते प्रेमाने म्हणाले, "एकदा काढलात ना, तेवढं पुरे. तुम्हाला फार त्रास होतो माझा."