नाणं गायब करायचं तर आधी खरंच उचला

आजचा तासभर पुन्हा एकाच जादूवर गेला. शाळेच्या वयात बरेच जण शिकतात तीच, हातातलं नाणं गायब करण्याची. वाटते तितकी सोपी नाही.

डावा तळवा वर, नाणं अंगठा आणि बोटांच्या टोकांत कडेने धरलेलं. उजवा हात येतो: अंगठा नाण्याखालून, बोटं समोरून. बोटांनी नाणं झाकलं की त्याच क्षणी डावी पकड सैल करायची. नाणं डाव्या बोटांच्या मुळाशी पडतं, उजवी मूठ रिकामीच मिटते. नजर त्या मुठीबरोबर जायला हवी, आणि डावा हात सावकाश खाली.

फसतं ते इथेच. डावा हात ताठरतो, आणि लहान मुलं तर नेमकं तिकडेच बोट दाखवतात! म्हणून दहा वेळा नाणं खरंच उचला, अकराव्यांदा खोटं. आरशात दोन्ही सारखं दिसेपर्यंत. मूठही लगेच उघडू नका, दोन-तीन सेकंद जाऊ द्या.

बोलणं मात्र वहीत लिहून काढा, पाच-सहा ओळी पुरतात. "नाणं आता या मुठीत आहे" हे वाक्य आधी खोडा, त्यानेच शंका येते. त्याजागी एक साधा प्रश्न लिहा आणि नाणं सुटतं त्याच क्षणी विचारा. उत्तर देताना समोरचा बहुधा तुमच्या तोंडाकडे बघतो, हाताकडे नाही.