तुम्ही विचारलंत म्हणून: हात दुखत नाहीत का?

माझ्या मांडीवरचं काळं विणकाम बघितलं की लोक आधी त्याला हात लावतात, लगेच हात मागे घेतात आणि मग विचारतात, "अहो, एवढ्या राठ लोकरीनं कशाला विणता? हात दुखत नाहीत का?" रेल्वेत, लग्नघरात, दवाखान्याच्या बाकावर हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की एकदा सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं.

दुखतात. पण कशानं दुखतात आणि त्यातलं किती टाळता येतं, हे कळायला आधी लोकर कळायला हवी.

मी विणते ती दख्खनी मेंढीची लोकर. माण, फलटण, सांगोला, जत, पारनेर अशा कमी पावसाच्या भागात धनगरांच्या कळपांत ही मेंढी असते. दिवाळीनंतर वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारी धनगर कुटुंबं, कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या आधी परत येतात, त्या सगळ्या वाटचालीत तीही चालत असते. वर्षातून दोनदा तिची लोकर कातरतात. आपली घोंगडी होते ती हिचीच. हातानं कातलेलं सूत मागावर चढतं, ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात आणि मग खड्ड्यातल्या मागावर घोंगडी विणली जाते. मी जे सूत आणते ते याच कामासाठी कातलेलं असतं. एकपदरी, भरपूर पीळ दिलेलं आणि दोन सुयांवर विणायचा विचार मनात न ठेवता केलेलं. सूत कातणाऱ्या एका आजींना मी याचं जाकीट करणार म्हणून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आगं बाई, टोचंल की त्ये अंगाला!"

त्यांचं बरोबर होतं. मऊ लोकरीसाठी नावाजलेल्या मेरिनो मेंढीचा तंतू साधारण वीस मायक्रॉनच्या आसपास जाड असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तंतूंची जाडी तीसच्या पुढे गेली की त्यांची टोकं कातडीला टेकल्यावर वाकत नाहीत, ताठ राहतात आणि टोचतात. दख्खनी लोकरीत असे जाड तंतू भरपूर, शिवाय मधूनमधून केसासारखे पोकळ, ठिसूळ तंतूही असतात. त्यामुळे हिचे बाळाचे कपडे करू नका, मफलरही करू नका. कोकरांच्या पहिल्या कातरणीची लोकर, जावळाची, बरीच मऊ असते. ती मिळाली तर टोपीचा विचार करावा. बाकी लोकरीची जागा शर्टावरून घालायचं जाकीट, बसायचं आसन, पिशवी, थंडीत फरशीवर घालायचे मोजे. तिथे हिच्यासारखी दुसरी लोकर मला अजून मिळालेली नाही.

आता हात. मऊ लोकर बोटांवरून घसरत जाते. ही जात नाही. सुईचं टोक टाक्यात घालताना थोडं ढकलावं लागतं, धागा बाहेर काढताना थोडं ओढावं लागतं आणि तयार टाका सुईवरून पुढे सारावा लागतो, तो आपणहून सरकत नाही. जाकिटाच्या पाठीला दीडशे टाके असतील तर एका ओळीत हे सगळं दीडशे वेळा. तासाभरानं उजव्या तर्जनीवर, धागा जिथून जातो तिथे, बारीक लाल चर उमटतो. दुसऱ्या दिवशी त्याच जागी धागा आला की चुरचुरतं. यावर उपाय सोपा आहे. जुन्या मऊ सुती साडीची बोटभर रुंद पट्टी पेराला गुंडाळायची. चिकटपट्टीपेक्षा ती बरी, कारण तिच्यावरून धागा अडकत नाही.

अंगठ्याचं प्रकरण मात्र गंभीर आहे आणि त्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. अंगठ्याच्या मुळापासून मनगटाकडे जाणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, एका अरुंद आवरणातून सरकतात. चिमटीत धरून ढकलायचं आणि त्याच वेळी मनगट वळवायचं, असं काम तासन्‌तास केलं की तिथे दाह होतो आणि आवरण जाड होतं. बाळाला सारखं उचलून घेणाऱ्या आयांना हेच दुखणं होतं. कामाचा नुसता थकवा वेगळा, तो तळव्यात, दंडात, पाठीत पसरलेला असतो आणि रात्रभर झोप झाली की जातो. अंगठ्याच्या मुळाशी एकाच जागी कळ येत असेल, बरणीचं झाकण फिरवताना ती उठत असेल, तर सुया ठेवून द्या आणि डॉक्टरांना दाखवा. "थोडं सहन केलं की हात तयार होतात" असं सांगणाऱ्या बायका मला बऱ्याच भेटल्या आहेत. बोटांची कातडी तयार होते, हे खरं. कंडरा तयार होत नाहीत, त्या सुजतात.

पण अंगठ्यावर येणारा जोर बहुतेक वेळा लोकरीमुळे येतच नाही. तो आपल्या पकडीमुळे येतो. लोकर अडते असं वाटलं की माणूस सुया आवळून धरतो, धागा करंगळीला दोन वेढे देऊन ओढतो, टाके अजून घट्ट होतात आणि पुढच्या ओळीत सुई आत शिरायला आणखी जोर लागतो. करायला हवं नेमकं उलटं. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. या लोकरीत शेजारशेजारचे दोन धागे एकमेकांना असे धरून बसतात की टाका जिथे ठेवाल तिथेच राहतो. धरायचं काम लोकर करतेय म्हटल्यावर हातानं ते करायची गरज उरत नाही. धागा करंगळीला गुंडाळायचाच नाही, नुसता बोटांमधून सोडायचा. सुई पेनासारखी हलकी धरायची. हे जमलं त्या दिवसापासून माझ्या विणकामातला निम्मा त्रास संपला. राहिलेल्या निम्म्यातला बराचसा सुया बदलल्यावर गेला.

सुयांचं सांगते. आपल्याकडे दुकानात जुने नंबर चालतात आणि ते उलटे असतात, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. साध्या स्वेटरला लोक दहा नंबर घेतात. या सुताला सहा नंबर घ्या, म्हणजे ५ मिलिमीटर. बांबूच्या सुया हातात छान वाटतात, पण राठ धागा त्यांवर चिकटून बसतो. गुळगुळीत धातूची आणि मध्ये वायर असलेली गोल सुई सगळ्यात चांगली. अर्धं जाकीट झालं की त्याचं वजन जाणवायला लागतं. सरळ सुयांवर ते वजन मनगटांना लोंबकळतं, गोल सुईवर ते मांडीत पडून राहतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, तिथल्या बायकांनी याच अडचणीवर वेगळा तोडगा काढला. कमरेला चामड्याचा पट्टा, त्यावर घोड्याचे केस भरलेली आणि भोकं पाडलेली छोटी गादी. सुईचं मागचं टोक त्या भोकात खोचलं की उजव्या हाताला सुई पेलावीच लागत नाही. पाठीवर टोपली घेऊन चालता चालता त्या विणायच्या.

या बायकांची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. पुढून उघडं जाकीट करायचं असेल तर त्या आधी बंद नळकांडं विणतात आणि मग मधोमध सरळ कात्रीनं कापतात. टाके उसवत नाहीत, कारण लोकरीचे धागे एकमेकांना धरून असतात. गुळगुळीत अॅक्रिलिकवर हा प्रयोग केलात तर डोळ्यांदेखत टाके धावत सुटतील. माझ्या सुतावर टाका सुईवरून निसटला तर तो तिथेच तोंड उघडून थांबतो. चार ओळी पुढे गेल्यावर लक्षात आलं तरी क्रोशाच्या सुईनं उचलून घेता येतो. ज्या पकडीनं बोट चुरचुरतं तीच पकड इथे उपयोगी पडते. मला या लोकरीत गुंतवलं ते याच गोष्टीनं.

सुख बाकीही पुष्कळ आहे. विणताना सुईवर धागा घासल्याचा खर्र-खर्र आवाज येतो आणि डोळे मिटूनही कळतं की टाका नीट बसला की नाही. बोटांना प्रत्येक टाका वेगळा लागतो. मऊ लोकरीवर मला टीव्ही बघत विणता येतं, हिच्यावर येत नाही आणि मला ते हवंही नसतं. रंग तर न रंगवता मिळतात. दुरून काळं दिसणारं सूत उन्हात धरलं की त्यात कॉफी, राख आणि मधूनच एखादा पांढराशुभ्र केस दिसतो. ओलं केल्यावर मेंढीचा वास येतो. तो काहींना आवडत नाही, मला आवडतो.

आणि पीळ! एकपदरी सुताला इतका पीळ असतो की समोरून सगळे टाके सुलट दिसतील असं विणलं तर सगळा तुकडा एका बाजूला कलतो, चौकोन घालायला जावा आणि पतंग व्हावा तसा. धुतलं, ताणून वाळवलं तरी पुन्हा कलतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते इथे अक्षरशः बघायला मिळतं. यावर दोन मार्ग आहेत. सुलट आणि उलट टाके समोरून सारखेच दिसतील अशी वीण घातली की दोन्ही बाजूंचा ओढा एकमेकांना मारतो. नाहीतर दोन पदर एकत्र घेऊन उलट्या दिशेनं पीळ द्यायचा.

माझे काका थंडीत पहाटे शेताला पाणी द्यायला जातात, कारण वीज त्या वेळेला असते. ते शर्टावरून हे जाकीट घालतात. दव पडलं की खांद्यांवर थेंब गोळा होतात, आत शिरत नाहीत. काका हातानं झटकतात आणि पुढची चारी मोडायला वाकतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत बाष्प पोटात घेते तरी अंगाला ओली लागत नाही. मेंढक्यांना ते आकडे न बघताही ठाऊक असतं. घोंगडं पांघरून त्यांचे पावसाळे जातात.

एवढी गुणाची लोकर, पण तिला भाव नाही. मेंढपाळाचा पैसा आता मटणावर मिळतो, म्हणून माडग्याळसारख्या मांसासाठीच्या मेंढ्या वाढत चालल्या. कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही, म्हणून बरेच जण लोकर टाकून देतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. विणायला घेतलेल्या किलोभर सुतानं त्यात फार फरक पडत नाही, पण कातणाऱ्या आजींच्या हातात पैसे पडतात, ते खरे असतात.

तुम्हाला करून बघायचं असेल तर जाकिटानं सुरुवात करू नका. आसन घ्या, हातभर लांब आणि तेवढंच रुंद, जाताना-येताना सगळ्या ओळी सुलट. तसं केलं की समोरून एक ओळ सुलट, एक उलट दिसते, म्हणून ते कलत नाही. विणकराकडे सूत मागताना ते खळ न लावलेलं हवं, असं आधीच सांगा. लडी रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवून, खाली थोडं वजन बांधून सावलीत वाळवा. पीळ थोडाफार बसतो आणि धूळही जाते. गवताची कुसळं मात्र हातानंच वेचावी लागतात. ती गुंडा करतानाच काढा, नंतर टाक्यात अडकली की निघत नाहीत. अर्धा तास विणलं की सुया खाली ठेवा आणि तळहात जमिनीवर टेकून बोटं सावकाश मागे ताणा. आसन झालं की पुन्हा रिठ्यात धुवा. वाळल्यावर त्याची वीण आधीपेक्षा भरलेली दिसेल, टाक्यांमधली भोकं बुजलेली असतील आणि टोचणंही थोडं कमी झालेलं असेल.