एक्स-रेत न दिसणारी चकती

‘गुडघ्याच्या वाट्या बदलल्या’ असे सांगणारी माणसे सोलापुरात आता गल्लोगल्ली भेटतात. परंतु मांडीच्या आणि नडगीच्या हाडावर बसवलेल्या धातूच्या भागांमध्ये पॉलिइथिलीन या प्लास्टिकची चकती असते आणि झिजते ती प्रामुख्याने तीच, याची कल्पना फार थोड्यांना असते.

माझ्या मावशीचे आयुष्य मांडी घालून विड्या वळण्यात गेले आणि गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, नको म्हटले असतानाही, ती पुन्हा जमिनीवर बसू लागली. गुडघा खोलवर वाकला की सारा भार चकतीच्या मागच्या भागावर येतो. अनेक वर्षांनी गुडघ्याला सूज येऊ लागली, जिना उतरताना तो लचकू लागला. तरी ‘दुखतच नाही तर दाखवायचं कशाला?’ हे तिचे पालुपद कायम होते. खरी गोम इथेच आहे. झिजेचे सूक्ष्म कण गिळणाऱ्या भक्षक पेशींमुळे आजूबाजूचे हाड विरघळू लागते आणि सांधा सैल होईपर्यंत बहुधा वेदना होत नाहीत.

एक्स-रेत धातू पांढराशुभ्र दिसतो, प्लास्टिक मात्र दिसत नाही. दिसते ती केवळ दोन धातूंमधली काळी फट. ती फट म्हणजेच चकतीची जाडी. त्यामुळे एक्स-रे गुडघ्यावर भार असताना, म्हणजे उभे राहूनच काढावा लागतो आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक्स-रेशी ताडून पाहावा लागतो. मावशीच्या गुडघ्यात आतल्या बाजूची फट स्पष्टपणे अरुंद झाली होती.

दोष नेहमी रुग्णाच्या बसण्याचाच असतो, असे मात्र नाही. पूर्वी चकत्या हवेत गॅमा किरणांनी निर्जंतुक करीत. त्यानंतर प्राणवायूमुळे प्लास्टिक ठिसूळ होऊन त्याचे पापुद्रे सुटत. १९९०च्या दशकात ही पद्धत मागे पडली. तरीही एक्झाक्टेक या अमेरिकी कंपनीला २०२१ पासून आपल्या चकत्या परत मागवाव्या लागल्या, कारण २००४ पासूनच्या अनेक पाकिटांत प्राणवायू अडवणारा एक थरच नव्हता.

मावशीचे धातूचे भाग हाडात घट्ट असल्याने केवळ चकती बदलून भागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. मात्र त्याच कंपनीची, त्याच मापाची चकती हवी. सुदैवाने बसवलेल्या भागांची ओळख पटवणारे लॉट क्रमांकाचे (उत्पादनाच्या तुकडीच्या क्रमांकाचे) स्टिकर जुन्या फाइलीत, बिलाच्या पाठीमागे चिकटवलेले सापडले. शस्त्रक्रिया दिवाळीनंतर आहे.