आमची वाटचाल : एंडमिल ठरते ती ड्रॉइंगवर

1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुटे भाग, साचे व फिक्श्चर (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, पक्का धरणारी साधने) तयार करणारे अनेक लहान कारखाने या परिसरात उभे राहिले. आमचा कारखाना त्यांपैकीच एक. जुन्या मिलिंग मशीनवर हायस्पीड स्टीलच्या एंडमिलने (फिरत फिरत धातू कापणाऱ्या, धारा असलेल्या दंडगोल टूलने) सुरू झालेले आमचे काम आज व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर, कार्बाइड या अधिक कठीण पदार्थाच्या एंडमिलने चालते. मशीन वाढल्या, माणसे वाढली. परंतु एंडमिलची निवड आम्ही स्टोअरच्या खिडकीवरून ड्रॉइंगच्या टेबलावर आणली, तेव्हापासूनच कामाला खरी शिस्त आली, असे माझे मत आहे.

दर देण्यापूर्वी आम्ही पॉकेटचा (जॉबमध्ये कोरायच्या खळग्याचा) सर्वांत लहान कोपरा आणि पॉकेटची खोली पाहतो. कोपऱ्याची त्रिज्या 5 मिमी असली, तर 10 मिमीची एंडमिल त्यात नेमकी बसेल असे वाटते; परंतु अशा कोपऱ्यात शिरताच टूलचा धातूशी होणारा स्पर्श एकदम वाढतो, टूल थरथरते आणि भिंतीवर चॅटरचे पट्टे उमटतात. म्हणून तेथे आम्ही 8 मिमीची एंडमिल घेतो व तिला कोपऱ्यातून वळवत नेतो. खोलीचे गणित याहून कठोर आहे. टूल पकडणाऱ्या होल्डरबाहेर राहिलेली लांबी दुप्पट झाली, तर तेवढ्याच भाराखाली टूल आठपट वाकते. उलट व्यास 10 मिमीवरून 12 मिमी केला, तर ताठपणा दुपटीहून किंचित अधिक होतो. यामुळेच खोल पॉकेटच्या कोपऱ्याला 3 मिमीऐवजी 4 मिमी त्रिज्या चालेल का, हे आम्ही ग्राहकाच्या डिझाइन विभागाला निःसंकोच विचारतो. पुष्कळदा तो आकडा केवळ सवयीने लिहिलेला असतो, आणि होकार मिळाला की आमचा दरही उतरतो.

अ‍ॅल्युमिनियमसाठी दोन किंवा तीन धारांची, चिप (कापून निघालेला धातूचा कीस) बाहेर पडायला मोठी जागा असलेली गुळगुळीत एंडमिल आणि पोलादासाठी बहुधा चार धारांची, एवढे सर्वांना माहीत असते. अ‍ॅल्युमिनियम असलेले कोटिंग (एंडमिलवरचा पातळ थर) अ‍ॅल्युमिनियमच्या जॉबवर वापरू नये, कारण धातू धारेला चिकटतो, हे मात्र सांगावे लागते.

फीडविषयी, म्हणजे टूल धातूत किती वेगाने पुढे सरकते याविषयी, मी आग्रही आहे. पी20 या साच्यांच्या पोलादावर 10 मिमीची चार धारांची कार्बाइड एंडमिल मिनिटाला 100 मीटर कटिंग स्पीडने चालवायची, तर मिनिटाला सुमारे 3,180 फेरे येतात. दर धारेला 0.05 मिमी धरल्यास फीड मिनिटाला 636 मिमी होतो. टूल तुटेल या भीतीने ऑपरेटर हा फीड निम्म्यावर आणतो, पण फार पातळ चिप घेणारी धार कापण्याऐवजी घासत राहते आणि लवकर बोथट होते. टूल वाचवायचे असेल, तर आधी रनआउट, म्हणजे फिरताना टूल मध्यापासून किती ढळते ते, पाहावा. गंगापूर, पैठणकडून आयटीआय करून आलेल्या मुलांना आम्ही प्रथम हेच शिकवतो : टूल आवळून धरणाऱ्या कोलेटच्या खाचांतला बारीक बुरा ब्रशने काढायचा, टेपर (होल्डरचा निमुळता भाग) कोरड्या फडक्याने पुसायचा, मग टूलच्या दांड्याला डायल (सूक्ष्म हालचाल दाखवणारे काट्याचे मापक) लावून स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारा मशीनचा दांडा, हाताने सावकाश फिरवायचा. धारेजवळ काटा 0.02 मिमी हलला, तर दोन धारांच्या एंडमिलमध्ये दर धारेला 0.05 मिमीच्या फीडवर एक धार 0.07 घेते आणि दुसरी 0.03. ज्या धारेवर भार जास्त, ती आधी जाते.

मराठवाड्याचा उन्हाळाही हिशेबात धरावा लागतो. ड्रॉइंगवरील मापे 20 अंश तापमानाची असतात. 40 अंशांवर 200 मिमी लांबीचा पोलादी जॉब सुमारे 46 मायक्रॉनने वाढलेला असतो. त्यामुळे रफिंगनंतर (जास्तीचा धातू भराभर काढल्यावर) जॉब थंड होऊ देऊनच आम्ही फिनिश कट, म्हणजे शेवटचा नेमक्या मापाचा काप, घेतो.

अलीकडे कठीण केलेल्या एच13 पोलादाच्या साच्यांचे काम आम्ही हाती घेतले आहे. तेथे कूलंट बंद ठेवून दाबाच्या हवेने चिप उडवतो, कारण तापणे व अचानक थंड होणे यांमुळे कार्बाइडच्या धारेला तडे जातात. बॉलनोजच्या (गोल टोकाच्या एंडमिलच्या) अगदी टोकाला कापण्याचा वेग शून्य असतो आणि तेथे ती केवळ घासते. म्हणून शक्य असेल तेथे जॉबच फिक्श्चरवर 15 अंश कलता बांधतो. पाच अक्षांच्या मशीनची चौकशी सुरू आहे, ती याच कामासाठी.