सर्व्हर रिकामा केला, परीक्षा चालूच राहिली

आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलसाठी व्हर्च्युअल मशिन, म्हणजे एकाच सर्व्हरवर चालणारे अनेक आभासी संगणक, देणारं सॉफ्टवेअर मुलांनीच लिहिलंय. खाली केव्हीएम (लिनक्सवर अशी मशिनं चालवणारी यंत्रणा) आणि लिबव्हर्ट (ती हाताळणारी लायब्ररी), वर पायथॉनमधलं त्यांचं पोर्टल. एमआयटीत एसआयपीबी या विद्यार्थी संघटनेनं झेन या केव्हीएमसारख्याच यंत्रणेवर 'इनव्हर्ट' हे सॉफ्टवेअर लिहून कॅम्पसला अशी सेवा दिली, तिथून आमच्या पोरांनी हे डोक्यात घेतलं. सर्व्हर रूम मी सांभाळतो.

जुलैत बॅकलॉगची प्रॅक्टिकल परीक्षा होती. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं 39 फुटांची इशारा पातळी ओलांडलेली, शिरोळकडची मुलं कशीबशी पोचलेली. परीक्षा पुढं ढकलली असती तर त्यांना पुन्हा येता आलं असतं की नाही, कुणास ठाऊक. अशात रॅकवरचा स्लॅब गळायला लागला. रॅकवर ताडपत्री टाकली, पण तीनपैकी वरचा सर्व्हर बंद करणं भागच होतं. परीक्षेची बरीच मशिनं त्याच्यावरच.

मायग्रेशनचा, म्हणजे चालू मशिन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवण्याचा, कोड लिहिणाऱ्या मुलीला बोलावलं. "सर, बंद नका करू. रिकामा करतो की मी," म्हणाली.

मशिनांच्या डिस्क वेगळ्या स्टोरेजवर असतात, त्यामुळे हलवायची फक्त मेमरी. मशिन चालू असतानाच तिची कॉपी होते, तेवढ्यात बदललेली पानं (मेमरीचे छोटे तुकडे) पुन्हा जातात, उरलेली थोडकी पाठवताना मशिन क्षणभर थांबतं. आमचे तिन्ही सर्व्हर वेगवेगळ्या वर्षी घेतलेले. म्हणून मुलांनी पहिल्यापासून सगळ्या मशिनांना सर्वांत जुन्या प्रोसेसरला जमेल एवढंच सीपीयू मॉडेल (मशिनला दिसणारा प्रोसेसर) दिलं होतं. वेग थोडा गेला, त्यावरून वादही झाले, पण ती हट्टाला पेटली होती. त्या दिवशी कळलं, का ते: त्यामुळेच कुठलंही मशिन कुठल्याही सर्व्हरवर सरकू शकत होतं.

एक मशिन मात्र हलेना. आत कुणीतरी मोठ्या मॅट्रिक्सचा प्रोग्राम लावलेला. नेटवर्क कॉपी करेल त्याहून वेगानं मेमरी बदलत होती. तिनं ऑटो-कन्व्हर्ज चालू केलं, म्हणजे त्या मशिनचा सीपीयू मुद्दाम आवळला. कॉपी गाठीला आली, मशिन सरकलं. मी वायर काढली. वरच्या मजल्यावर पेपर चालूच होता, परीक्षकांना काही कळलंसुद्धा नाही.

उरलेल्या दोन सर्व्हरांची रॅम तेव्हा काठोकाठ भरली होती. त्याच संध्याकाळी मुलांनी पोर्टलमध्ये नियम घातला: कुठलाही एक सर्व्हर गेला तर बाकीचे दोन सगळा भार पेलतील, तेवढीच मशिनं द्यायची. आता नवीन मशिन मिळत नाही म्हणून तक्रारी येतात. रॅमची मागणी मी ऑफिसात दिली आहे.