पेपर कोरा, पण खिंड तोंडपाठ

आज शनिवार, सकाळची शाळा. पोरं सुटली, मी घरी आले, जेवण झालं आणि भांडी तशीच ठेवून लिहायला बसलेय, कारण सकाळपासून डोक्यातून जातच नाहीये.

चौथीची परवा चाचणी घेतली होती, परिसर अभ्यास भाग २, म्हणजे शिवछत्रपतींचं पुस्तक. २० मार्कांची. एका पोराचा पेपर जवळजवळ कोरा, ४ मार्क, तेही जोड्या लावामधले. शेरा लिहायला हात गेला होता, "अभ्यास करत नाही". गेल्या वर्षीच्या त्याच्या वह्या अजून कपाटात आहेत, त्यात माझ्याच अक्षरात हा शेरा तीनदा आहे. आज पेपर वाटले तर त्याने न बघताच बारीक घडी घालून चड्डीच्या खिशात कोंबला. मधल्या सुट्टीत त्याला थांबवलं, म्हटलं, मला पावनखिंड सांग बरं.

"लिहायचं नाय ना बाई?"

"नाही रे, नुसतं सांग."

आणि काय सांगितलं त्याने! पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, धो धो पाऊस, दोन पालख्या, शिवा काशिद महाराजांच्या वेषात गेला ते, मग घोडखिंडीत बाजीप्रभू थांबले ते, दोन्ही तळवे जवळ आणून खिंड केवढी अरुंद ते दाखवलं, आणि विशाळगडावरून तोफांचे आवाज आल्यावर मगच बाजींनी जीव सोडला हे सांगताना त्याचा आवाज एकदम बारीक झाला. साल तेवढं चुकला, १६६० ला सोळाशे सहा म्हणाला.

मग मी परवा तपासलं काय होतं? इतिहास तर नाहीच. त्याचं लिहिणं तपासलं आणि मार्क इतिहासाला दिले.

आपली लिपी नव्याने शिकणाऱ्याला सोपी नाहीये हो. "कि" म्हणताना क आधी म्हणायचा पण वेलांटी त्याच्या आधी काढायची. घ-ध, भ-म, प-ष यांच्यात एखादी रेघ, एखादी गाठ इकडची तिकडे. र तर कधी डोक्यावर रफार, कधी पोटात तिरकी रेघ. आकड्यांचंही तेच, पंचवीस म्हणताना पाच आधी तोंडात येतो आणि कागदावर २ आधी काढायचा. २०१९ ला दुसरीच्या गणितात "वीस पाच" असं आलं तेव्हा किती हसले लोक, पण माझ्या वर्गात ५२ सांगितल्यावर २५ लिहिणारी पोरं आहेत आणि त्यांना "पन्नास दोन" म्हटलं की बरोबर लिहितात, हे मी रोज बघते.

आणि या सगळ्यात अडकलेल्या पोराला आपण म्हणतो ढ! म्हणे जुन्या ब्राह्मी लिपीपासून हे अक्षर फारसं बदललं नाही म्हणून जो सुधारत नाही तो ढ. माझ्या वर्गात हा शब्द बंद आहे, पोरांनाही आणि आईबापांनाही.

अडचण कुठली ते आधी शोधायचं, मग बोलायचं. गेल्या वर्षी एक मुलगी सारखी शेजारणीच्या वहीत बघून लिहायची, ती कॉपी करते असं वाटून मी तिला दोनदा उठवून पुढे बसवलं, तर पुढे बसून ती फळ्यावरून नीट लिहायला लागली, नंतर तपासणीत चष्म्याचा नंबर निघाला. या पोराचे डोळे-कान ठीक आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचायला-लिहायला शिकण्यातली अडचण, आहे, दाखला मिळाला तर पुढे दहावीला तासाला २० मिनिटं जादा, लेखनिक हे मिळू शकतं. पण दाखला म्हणजे शहरातलं हॉस्पिटल, आईचा रोज बुडणार, चकरा वेगळ्याच. ते करूच, विशेष शिक्षकांशी बोलले आहे. पण दाखला येईपर्यंत मी थांबायचं का?

स्टाफरूममध्ये म्हणाले, एकाला तोंडी विचारलं तर बाकीच्यांवर अन्याय नाही का. म्हणून मी एकट्याला काही देतच नाही. टेबलावर आधीपासूनच जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवल्यात, मध्ये एकच ओळ दिसेल एवढी खिडकी कापलेली, ज्याला पाहिजे त्याने उचलायची. पहिले दोन दिवस हा हातच लावेना. मग वर्गातल्या सगळ्यात हुशार पोरीने उचलली, म्हणाली बाई याने ओळ चुकत नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याही पुस्तकात पट्टी होती. पुढच्या चाचणीत प्रश्न सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवणार आणि ज्याला सांगायचंय त्याने येऊन सांगायचं.

याचा अर्थ त्याचं लिहिणं सोडलं असा नाही, उलट ते वेगळं शिकवायचं, रोज दहा मिनिटं, दोनच अक्षरं. तिसरी-चौथी एकत्र सांभाळून दहा मिनिटंसुद्धा काढणं किती अवघड आहे ते मलाच माहीत, कधी कधी राहूनही जातं आणि मग रात्री झोप लागत नाही.

सोमवारी घ आणि ध. ताटात वाळू पसरून बोटाने गिरवायचे, मोठे, खांद्यापासून हात फिरवून. वाळू चाळून ठेवायला हवी उद्या, खडे फार आहेत त्यात.